दक्षिणेत लेकवर घर घेताय? आधी पाणी, मग डॉक, मग गाव. घर सगळ्यात शेवटी

शिकागो, डेट्रॉइट, न्यू जर्सीत उभं आयुष्य बर्फ उपसण्यात गेलं, आता निवृत्तीनंतर दक्षिणेत एखाद्या लेकवर राहायचं, दारात बोट हवी, असा बेत करणारे बरेच जण मला सल्ला विचारतात. विचारताना बहुतेक जण एकच गोष्ट पाठवतात, घराच्या जाहिरातीची लिंक. त्यात किचन असतं, डेक असतो, सूर्यास्ताचा फोटो असतो. डॉकखाली (बोट बांधायच्या धक्क्याखाली) पाणी किती आहे, डॉकचा परवाना कोणाच्या नावावर आहे, हिवाळ्यात पाणी कुठवर ओसरतं, यातलं काहीही नसतं. मग घर आधी ठरतं आणि त्या घरापुढचं पाणी नशिबावर सोडलं जातं.

हा क्रम उलटा करायचा आहे. जॉर्जिया, दोन्ही कॅरोलिना, अलाबामा, टेनेसी आणि टेक्सासमधले बोटिंगचे बहुतेक मोठे लेक नैसर्गिक नाहीत. ते धरणांचे जलाशय आहेत. तुम्ही घर विकत घेता, पाणी विकत घेत नाही. पाणी किती ठेवायचं, काठावर काय बांधू द्यायचं, झाड तोडू द्यायचं की नाही, हे धरण चालवणारा ठरवतो. फ्लोरिडातले लेक मुख्यतः नैसर्गिक आहेत, तिथले प्रश्न वेगळे. ते ओघात येतील.

घाईने केलं तर हे काम फसतं. निदान एक उन्हाळा आणि एक हिवाळा पाहायला मिळेल इतका अवधी हाताशी ठेवा.

टप्पा १: बोट आधी ठरवा

एका कागदावर चार गोष्टी लिहा. बोट कोणती, तिच्यावर नेहमी किती माणसं असणार, वर्षातले कोणते महिने ती चालणार, आणि पाण्यावर जाऊन करायचं काय.

दहा-बारा जणांना घेऊन संध्याकाळी निवांत फिरायचं असेल तर पाँटून, म्हणजे तरंगत्या नळ्यांवरची सपाट बोट. नातवंडांना ट्यूबवर ओढायचं असेल तर बोरायडर (पुढेही बसायला जागा असलेली बोट) किंवा वेकबोट (मागे मोठी लाट उठवणारी). मासेमारी करायची तर बास बोट. शिडाची बोट असेल तर प्रश्नच बदलतो, कारण पूल आणि वीजवाहिन्या किती उंचावर आहेत हे पाहावं लागतं. फ्लोरिडातल्या विंटर हेवनसारख्या ठिकाणी अनेक लेक कालव्यांनी जोडलेले आहेत. तिथे एका लेकवरून दुसऱ्यावर जाताना पुलाखालून जावं लागतं, त्यामुळे छत असलेली उंच बोट घेण्याआधी पुलांची उंची विचारा.

अलाबामातला लेक गंटर्सव्हिल बास मासेमारीसाठी नावाजलेला आहे, आणि त्याचं एक कारण म्हणजे तिथली पाणवनस्पती. मासेमाराला तीच हवी असते. वेकबोटवाल्याच्या इंजिनात तीच अडकते. एकाच लेकबद्दल दोन बोटवाले अगदी उलट मत देतात ते यामुळेच.

*तपासा:* काही छोट्या खासगी लेकवर पेट्रोल इंजिनाला बंदी असते किंवा अश्वशक्तीवर मर्यादा असते. ‘लेक कम्युनिटी’ असं नाव असलं म्हणजे तुमची बोट तिथे चालेल असं नाही.

टप्पा २: पाण्याचा धनी कोण, हे शोधा

लेकचं नाव कळलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा. ढोबळमानाने पाच प्रकार दिसतील.

आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, म्हणजे लष्कराची अभियंता संस्था: जॉर्जियातला लेक लॅनियर, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या सीमेवरचा लेक हार्टवेल. काठाची पट्टी सरकारच्या मालकीची असते. तुमच्या घराची हद्द पाण्याच्या अलीकडेच संपते आणि मधल्या जमिनीत परवानगीशिवाय झुडूपही तोडता येत नाही.

वीज कंपन्या: शार्लटच्या उत्तरेचा लेक नॉर्मन आणि साउथ कॅरोलिनातला लेक कीओवी ड्यूक एनर्जीकडे, लेक मरे डोमिनियनकडे, लेक मार्टिन अलाबामा पॉवरकडे. यांचे किनाऱ्याचे नियम केंद्र सरकारच्या परवान्याला बांधलेले असतात आणि कंपनीगणिक वेगळे असतात.

टेनेसी व्हॅली अथॉरिटी, म्हणजे टीव्हीए: नॉरिस, चिकमॉगा, टेलिको, गंटर्सव्हिल.

नदी प्राधिकरणं: टेक्सासात ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसचं धरण लोअर कोलोरॅडो रिव्हर अथॉरिटी चालवते, तर ह्यूस्टनच्या उत्तरेचा लेक कॉनरो सॅन हॅसिंटो रिव्हर अथॉरिटीकडे आहे.

पाचवा प्रकार म्हणजे गावाच्या किंवा एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) मालकीचे छोटे लेक. हे दिसायला सर्वांत देखणे असतात. पण धरण दुरुस्तीचा खर्च इथे थेट रहिवाशांच्या खिशातून जातो. ऑक्टोबर २०१५ च्या महापुरात साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया भागात अनेक छोटी खासगी धरणं फुटली आणि लोकांच्या घरामागे पाण्याऐवजी चिखल उरला. मोठ्या संस्थेचं नाव असलं म्हणजे धोका टळला असंही नाही. टेक्सासातल्या न्यू ब्राउनफेल्सजवळच्या लेक डनलॅपच्या धरणाचा एक दरवाजा १४ मे २०१९ रोजी निखळला आणि लेक रिकामा झाला. धरण नव्याने बांधण्यासाठी काठावरच्या घरमालकांनी स्वतःवर कर लावून घेतला, आणि पाणी परत यायला काही वर्षं गेली.

*तपासा:* छोटा लेक असेल तर एचओएकडून लेखी मागा: धरणाचा शेवटचा तपासणी अहवाल, राखीव निधीत किती पैसे आहेत, आणि येत्या काही वर्षांत गाळ काढायचा आहे का. उत्तर टाळलं जात असेल तर तो लेक यादीतून काढा.

टप्पा ३: पाण्याच्या पातळीचा इतिहास वाचा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ काढा.

प्रत्येक जलाशयाला एक ‘फुल पूल’ असतो, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली भरलेली पातळी. लॅनियरची उन्हाळ्यात १,०७१ फूट, हार्टवेलची ६६०, नॉर्मनची ७६०. ड्यूक एनर्जी मात्र आपल्या लेकची पातळी १०० च्या मापात सांगते. १०० म्हणजे भरलेला, ९६ म्हणजे चार फूट कमी. नवखा माणूस ९६ ला टक्के समजतो आणि ‘जवळपास भरलाय’ म्हणतो. चार फूट हा उथळ जागेतल्या डॉकसाठी मोठा फरक आहे.

पातळी दोन कारणांनी खाली जाते. पहिलं कारण ठरलेलं असतं: पुराच्या पाण्याला जागा राहावी म्हणून हिवाळ्यात मुद्दाम पाणी कमी केलं जातं. गंटर्सव्हिलला हा फरक साधारण दोन फुटांचा. लेक मार्टिनला सात फूट, ४९१ वरून ४८४. टेनेसीतल्या नॉरिसला वीस फुटांच्या आसपास. टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या लेकवर जानेवारीत गेलात तर पाण्याच्या कडेला मातीचा रुंद उघडा पट्टा दिसतो आणि लेकच्या आत शिरलेल्या कित्येक फाट्यांत डॉक जमिनीवर टेकलेले असतात. जाहिरातीतले फोटो जूनमधले असतात.

दुसरं कारण दुष्काळ. डिसेंबर २००७ मध्ये लॅनियर १,०५०.७९ फुटांपर्यंत उतरला, म्हणजे वीस फुटांहून अधिक खाली. लेक ट्रॅव्हिसची कथा तर आणखी टोकाची आहे. त्याचा फुल पूल ६८१ फूट. २०१३ च्या दुष्काळात पाणी ६२० फुटांच्याही खाली गेलं आणि सार्वजनिक बोट रॅम्प जवळपास सगळे बंद पडले. पुढे ऑक्टोबर २०१८ च्या पुरात तेच पाणी ७०४ फुटांवर चढलं. पाच वर्षांत ऐंशी फुटांहून जास्त फरक. त्याच नदीवरचे लेक एलबीजे आणि लेक ऑस्टिन मात्र जवळपास स्थिर पातळीवर ठेवले जातात. एकाच शहराच्या परिसरातले लेक, एकाच संस्थेचं व्यवस्थापन, पण बोटवाल्याचा अनुभव अगदी निराळा. माझं स्पष्ट मत: टेक्सासात दारात बोट हवी असेल तर आधी स्थिर पातळीचे लेक पाहा, ट्रॅव्हिस नंतर.

आता डॉकवर करायची मोजणी. एक कापडी मोजपट्टी घ्या, टोकाला जड नट बांधा. डॉकच्या बाहेरच्या टोकाला उभे राहा, जिथे बोटीचं इंजिन येणार तिथे ती सोडा आणि तळ लागला की आकडा लिहा. त्याच दिवशीची लेकची पातळी धरण चालवणाऱ्याच्या संकेतस्थळावर मिळते. ती शेजारी लिहा. समजा लॅनियरवर त्या दिवशी पातळी १,०७० आहे आणि खोली भरली नऊ फूट. म्हणजे तिथला तळ १,०६१ फुटांवर आहे. भरल्या लेकमध्ये तुम्हाला दहा फूट पाणी, उत्तम. पण २००७ सारखा दुष्काळ आला तर पाणी तुमच्या तळापेक्षाही दहा फूट खाली असेल आणि डॉक लाल मातीवर बसलेला. पाँटूनला दोन-तीन फूट पाणी पुरतं, वेकबोटला अधिक लागतं, आणि बोट लिफ्ट, म्हणजे बोट पाण्याबाहेर उचलून धरणारं यंत्र, असेल तर त्याहून जास्त.

*सावध:* ‘डीप वॉटर’ हा शब्द जाहिरातीत कोणीही लिहू शकतो. त्याला ठरलेली व्याख्या नाही. तुमची मोजपट्टी सांगेल तेच खरं.

*तपासा:* धरण चालवणाऱ्याच्या नोंदींवरून गेल्या वीस वर्षांचा आलेख काढा. किती उन्हाळे असे गेले की तुमच्या संभाव्य डॉकखाली तीन फुटांपेक्षा कमी पाणी होतं, ते मोजा.

टप्पा ४: डॉकचा परवाना

डॉक आहे म्हणजे डॉक तुमचा, असं कृपया समजू नका.

आर्मी कोअरच्या लेकवर खासगी डॉकचा परवाना हस्तांतरित होत नाही. घर विकलं की विकणाऱ्याचा परवाना संपतो आणि नव्या मालकाला स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. तेव्हा डॉक तपासला जातो. तरंगते ठोकळे जुन्या उघड्या फोमचे असतील, वीजजोडणी नियमात बसत नसेल, मागच्या मालकाने परवानगीशिवाय पायऱ्या बांधल्या असतील किंवा सरकारी जमिनीतली झाडं कापली असतील, तर ते निस्तरणं तुमच्या गळ्यात येऊ शकतं.

लॅनियरवर २००४ च्या किनारा आराखड्याने खासगी डॉकची कमाल संख्या १०,६१५ ठरवून टाकली. त्यामुळे आज डॉक नसलेल्या घरासाठी ‘नंतर बांधून घेऊ’ हा बेत धरू नका. किनाऱ्याचे पट्टेही ठरलेले आहेत: नकाशावर हिरव्या पट्ट्यात खासगी डॉकचा विचार होतो, लाल म्हणजे संरक्षित किनारा, तिथे नव्या डॉकचा प्रश्नच येत नाही. एकाच रस्त्यावरची दोन घरं, एक हिरव्यात आणि दुसरं लालमध्ये, असं सर्रास आढळतं.

वीज कंपन्यांच्या लेकवर नियम मोजमापांचे असतात. काठाची रुंदी किती, शेजाऱ्याच्या डॉकपासून अंतर किती, फाट्याच्या रुंदीच्या किती भागापर्यंत डॉक जाऊ शकतो वगैरे. टीव्हीएच्या लेकवर कलम २६-अ खालची मंजुरी लागते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. लेक मार्टिनसारख्या ठिकाणी काही घरं भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभी आहेत. घर तुमचं, जमीन दुसऱ्याची. किंमत विलक्षण कमी दिसली तर आधी हे विचारा.

करायचं काय, ते क्रमाने:

१. विकणाऱ्याकडून चालू परवान्याची प्रत मागा. नाव, मुदत आणि डॉकचं मंजूर माप पाहा.
२. प्रत्यक्ष डॉक मोजा. मंजुरीपेक्षा मोठा असेल तर थांबा.
३. लेकच्या कार्यालयाला स्वतः फोन करा किंवा जाऊन भेटा. एजंटच्या शब्दावर राहू नका; एजंटला सगळं माहीत असतंच असं नाही.
४. ‘या पत्त्यावर नव्या मालकाला याच मापाचा परवाना मिळेल का, त्यासाठी काय दुरुस्त करावं लागेल’ हा प्रश्न ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील.

*सावध:* सामायिक डॉकमधला ठरावीक स्लिप (एका बोटीची जागा) घरासोबत मिळणार असेल तर तो खरेदीखतात किंवा एचओएच्या दस्तात लिहिलेला आहे का, हे वकिलाकडून वाचून घ्या. ‘शेजारी वापरू देतात’ हा हक्क नव्हे.

दारात डॉक नको, मरिनात, म्हणजे बोटी भाड्याने ठेवायच्या जागी, बोट ठेवू, असं ठरवत असाल तर तो वाईट पर्याय मुळीच नाही. उतरत्या पातळीची चिंता मरिनावाल्याची, तुमची नाही. फक्त छपराखालच्या स्लिपची प्रतीक्षायादी किती लांब आहे, ते घर ठरवण्याआधी विचारा.

टप्पा ५: घर पाण्यावरून पाहा

आता यादीत दोन-तीन लेक उरले असतील. प्रत्येकावर पाँटून भाड्याने घ्या आणि दोनदा पाहणी करा: जुलैतल्या शनिवारी दुपारी, आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी.

जुलैतल्या शनिवारी लॅनियर किंवा नॉर्मनच्या मुख्य पात्रात लाटा इतक्या उसळतात की लहान बोटीतल्या माणसाला कंबर धरून बसावं लागतं. मुख्य पात्रावरच्या घराला दृश्य मिळतं, पण डॉकला बांधलेली बोट दिवसभर आदळत राहते. आत शिरलेल्या फाट्यात, ज्याला इथे सगळे कोव्ह म्हणतात, पाणी शांत असतं, पण टोकाकडे गाळ साचतो आणि पातळी उतरली की तोच भाग आधी कोरडा पडतो. मला विचाराल तर कोव्हच्या तोंडापासून थोडं आत, वळणाच्या आडोशाला असलेली जागा उत्तम. तीच सगळ्यात लवकर विकली जाते.

घरापासून डॉकपर्यंतचा उतार चालून पाहा, आणि वर चढूनही. हातात शीतपेटी घ्या. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे येऊन राहणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा विचार आत्ताच करा. लॅनियर आणि कीओवीच्या काठाला उतार बऱ्याच ठिकाणी तीव्र आहे, तर फ्लोरिडात अंगण सपाट पाण्यापर्यंत जातं. पण मध्य फ्लोरिडातल्या त्याच सपाटीमुळे सप्टेंबर २०२२ च्या इयन वादळानंतर किसिमी परिसरात लेकचं पाणी वस्तीत शिरलं. शिवाय फ्लोरिडाच्या गोड्या पाण्यात मगरी असतातच. संध्याकाळी काठावर कुत्रा मोकळा सोडायचा नाही, हे तिथे लहान मुलांनाही ठाऊक असतं.

अ‍ॅरिझोनातला लेक हवासू पाहत असाल तर ऑगस्टमध्ये जा. तिथली पातळी स्थिर असते, थंडीतलं बोटिंग फारच सुंदर, पण उन्हाळ्यात तापमान ४३ अंश सेल्सियसच्या वर सहज जातं. ते सोसवतं का, हे फेब्रुवारीत कळत नाही.

*तपासा:* पेट्रोल कुठे मिळतं? मोठ्या लेकवर पाण्यावरचा पंप बोटीने अर्ध्या तासावर असू शकतो आणि काही पंप हिवाळ्यात बंद असतात.

टप्पा ६: गाव

बोट आठवड्यातून दोनदा चालेल, गावात रोज राहायचं आहे.

दवाखाना आधी. मोटारीने नकाशावरचं अंतर कापून पाहा, शनिवारच्या गर्दीत. हृदयविकार आणि पक्षाघातावर चोवीस तास उपचार करणारं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे विचारा. नुसतं ‘हॉस्पिटल जवळ आहे’ यावर समाधान मानू नका. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज योजना काउंटीनुसार असतात. गाव बदललं की योजना बदलावी लागू शकते आणि नव्या काउंटीत तुमचे डॉक्टर बसतील असे पर्याय मोजकेच असू शकतात. हे घर घेण्याआधी पाहायचं.

आपल्या लोकांसाठी एक बाब मी निकषात धरतेच: भाषा, देऊळ, किराणा. लॅनियरच्या पश्चिम काठाला फोर्साइथ काउंटी लागते. तिथे आणि खालच्या जॉन्स क्रीक, सुवानी भागात भारतीय वस्ती मोठी आहे. कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, गणपतीची मूर्ती यांसाठी दिवस मोडावा लागत नाही. नॉर्मनच्या काठावरच्या कॉर्नीलिअस, हंटर्सव्हिलहून शार्लट जवळ आहे. याउलट हार्टवेलचा वरचा भाग किंवा टेलिको व्हिलेजसारख्या निवृत्तांच्या वसाहती शांत आणि स्वस्त आहेत, पण गणेशोत्सवाला जायचं तर लांबचा प्रवास धरा. पहिल्या वर्षी हे चालून जातं. जोडीदार गाडी चालवत नसेल किंवा बोटीत फारसा रस नसेल, तर तिसऱ्या वर्षी तेच एकटेपण घर विकायला लावतं. म्हणून हा मुद्दा दोघांनी मिळून, मोकळेपणाने बोलावा.

*तपासा:* घर पटलं तरी त्या गावात आधी महिनाभर भाड्याने राहा, शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. उन्हाळी गर्दी गेल्यावर गाव कसं असतं, हॉटेलं किती उघडी राहतात, शेजारी वर्षभर राहणारे आहेत का, ते तेव्हाच कळतं.

टप्पा ७: विमा आणि कर

साधा घरविमा पुराचं नुकसान देत नाही. केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेत घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख डॉलरचं संरक्षण मिळतं. डॉक त्यात येत नाही. पॉलिसी लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जातात, कर्जासोबत घेतली तर वेगळं. म्हणून वादळाची बातमी आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. आणि समुद्र लांब आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातला लेक लूर मलब्याने भरून टाकला होता.

घरावर ऑफर देण्याआधी विम्याचा लेखी दर मागवा. फ्लोरिडात छताचं वय आणि वादळ-तपासणीचे अहवाल यांवर हप्ता फार बदलतो. ग्रामीण काठावर स्वयंसेवी अग्निशमन दल आणि पाण्याचा हायड्रंट किती लांब, यानेही फरक पडतो.

कराबद्दल थोडक्यात. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसीत राज्याचा वेतन-पेन्शनवरचा आयकर नाही, पण टेक्सासात मालमत्ता कर जड असतो. साउथ कॅरोलिनात तुम्ही स्वतः राहता त्या घराचं करमूल्य ४ टक्क्यांनी धरतात, दुसऱ्या घराचं ६ टक्क्यांनी, आणि ४ टक्के आपोआप मिळत नाहीत, अर्ज करावा लागतो. फ्लोरिडात होमस्टेड सवलतीची (स्वतः राहत्या घरावरच्या करसवलतीची) अंतिम तारीख १ मार्च, जॉर्जियात १ एप्रिल. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनात बोटीवरही दरवर्षी कर लागतो, तो अंदाजपत्रकात धरा.

टप्पा ८: आता घर, आणि करार

इथवर आलात तर घर निवडणं सोपं जातं, कारण शंभरातली नव्वद घरं आधीच गळालेली असतात.

तपासणी तीन वेगळ्या माणसांकडून करून घ्या. नेहमीचा घर-तपासनीस डॉक आणि सेप्टिक सहसा पाहत नाही. डॉक आणि काठाच्या भिंतीसाठी डॉक बांधणारा, सेप्टिक टाकीसाठी त्यातला जाणकार. लेकवरची बरीच घरं सेप्टिकवर असतात आणि परवानगी बेडरूमच्या संख्येवर असते. घर चार बेडरूमचं म्हणून विकलं जातंय पण सेप्टिक तीन बेडरूमचं, हे वारंवार दिसतं. पाहुण्यांनी भरलेल्या गणपतीत त्याचा प्रत्यय येतो.

जमिनीची नवी मोजणी करून घ्या आणि तिच्यावर फुल पूलची समोच्च रेषा व सरकारी किंवा कंपनीची हद्द दाखवायला सांगा. बागेतला झोपाळा, शेड, पायवाट हद्दीबाहेर असेल तर ते आत्ताच कळू द्या.

करारात अट घाला: डॉकचा परवाना खरेदीदाराच्या नावे मिळणं, किंवा मिळेल असं कार्यालयाचं लेखी उत्तर येणं. ते न झाल्यास व्यवहार मोडून इसारा परत.

*सावध:* नॉर्थ कॅरोलिनात ‘ड्यू डिलिजन्स फी’ विकणाऱ्याला थेट द्यावी लागते आणि मन बदललं तर ती सहसा परत मिळत नाही. तिथे टप्पा ३ आणि ४ ऑफर देण्याआधीच पुरे करा.

टप्पा ९: ताबा मिळाल्यावर, पोहण्याआधी

डॉकवरची वीज परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ग्राउंड फॉल्ट संरक्षण (गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारी सोय) आहे ना, ते चालतं ना, पाहा. गोड्या पाण्यात गळणारा प्रवाह माणसाच्या शरीराकडे ओढला जातो. हात-पाय लुळे पडतात आणि चांगला पोहणाराही बुडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. वीज असलेल्या डॉकभोवती पोहायचं नाही, हा नियम घरात पहिल्या दिवसापासून लावा. पोहायचंच असेल तर मुख्य स्विच बंद करून. पाण्यात कोणाला झिणझिण्या जाणवल्या तर त्याने डॉककडे येऊ नये, लांब पोहत जावं, आणि काठावरच्यांनी उडी न मारता आधी वीज तोडावी.

बोट चालवण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. अलाबामात बोट चालवण्यासाठी वेगळा परवाना लागतो. जॉर्जियात १ जानेवारी १९९८ किंवा त्यानंतर, फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर, टेक्सासात १ सप्टेंबर १९९३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिक्षणक्रम पुरा करावा लागतो. म्हणजे तुम्हाला सूट असली तरी सुट्टीत येऊन सुकाणू धरणाऱ्या मुलाला किंवा सुनेला ती नसेल. लहान मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट हवंच; वयाची मर्यादा राज्यागणिक वेगळी असते. घरात कोणाला पोहता येत नसेल तर वय न पाहता त्यांच्या मापाचं जॅकेट वेगळं घेऊन ठेवा. समान मापाची सहा जॅकेटं एकदम घेणं ही नेहमीची चूक.

उन्हाळ्याच्या कडाक्यात, उथळ आणि कोमट पाण्यात मुलांनी उड्या मारताना नाकाला चिमटा लावावा, कारण अशा पाण्यातला एक दुर्मिळ पण जीवघेणा अमीबा नाकातून शिरतो. पाण्यावर हिरवा, रंगासारखा तवंग दिसला तर त्या दिवशी माणसं आणि कुत्री दोघांनाही बाहेर ठेवा.

आणि डिसेंबरआधी इंजिनातलं पाणी काढा. जॉर्जिया, कॅरोलिना, अलाबामातही काही रात्री पारा शून्याखाली जातो आणि आत राहिलेल्या पाण्याने इंजिनचा ब्लॉक तडकतो. इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनांना हा धोका सर्वाधिक. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन) खाली सोडून उभं ठेवलं की पाणी आपोआप निथळतं. मिशिगनमध्ये हे काम कोणी विसरत नाही. इथे ऊन असतं, म्हणून राहून जातं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेकॅनिकची वेळ ठरवून ठेवा, कारण पहिल्या थंडीच्या बातमीनंतर त्याचा फोन लागत नाही.